तांबड्या दोरीची बरणी

किलफॅरनच्या पाळकसाहेबांच्या घरातला मध साधासुधा नव्हता, हे गावातलं शेंबडं पोरसुद्धा जाणून होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त चर्चच्या पंचांना, कारण असल्या गोष्टी पंचांना ठाऊक नसाव्यात अशी तिथली रीत होती.

त्याचं असं होतं. पाळकसाहेबांच्या अभ्यासिकेची खिडकी दक्षिणेकडे. खिडकीखाली दगडी भिंत, आणि भिंतीतल्या कोनाड्यांत पेंढ्याच्या सात टोपल्या उपड्या घातलेल्या. त्यांत मधमाश्या. दर शनिवारी सकाळी टुलॉक पाळकसाहेब खिडकी सताड उघडी टाकून येरझाऱ्या घालत आणि दुसऱ्या दिवशीचं प्रवचन मोठ्यानं घोकत. पस्तीस वर्षं हा नेम चुकला नाही. माश्यांना कान नसतात असं म्हणणारे शहाणे खुशाल म्हणोत. पण ज्या उन्हाळ्यात साहेबांनी नरकावर लागोपाठ नऊ प्रवचनं दिली, त्या सालच्या मधानं शाळामास्तरांची जीभ अशी पोळली की बिचाऱ्यांना पंधरा दिवस ताकावर काढावे लागले. आणि ज्या साली चर्च दुभंगलं, निम्मा गाव उठून टेकडीपलीकडे आपलं वेगळं चर्च मांडून बसला, त्या साली तिसऱ्या टोपलीतल्या माश्याही भर उपासनेत उठल्या आणि त्यांच्यामागोमाग टेकडी ओलांडून गेल्या. राहिलेल्या माश्या पुढं त्यांच्याबरोबर कधी एका फुलावर बसल्या नाहीत.

या मधाचा खरा गुण मात्र एकट्या ग्रिझेलला माहीत होता. ग्रिझेल पाळकसाहेबांच्या घरची कारभारीण. वय साठ, समोरचे दोन दात गेलेले, टोपीची नाडी हनुवटीखाली इतकी आवळलेली की राग आला तरी तोंड पुरतं उघडत नसे. तिनं पहिल्यांदा या घराचा उंबरा ओलांडला तेव्हा साहेबांच्या डोक्यावर काळे केस होते आणि घरात युफेमियाबाई होत्या. आता केस पांढरे झाले होते आणि युफेमियाबाईंना जाऊन वीस वर्षं लोटली होती.

मधाचा गुण असा: ज्या सालचा मध चमचाभर खाऊन माणूस दुपारचा डुलकी घेईल, त्या साली माश्यांनी जे ऐकलं असेल ते त्याला स्वप्नात ऐकू येई. सुरुवातीपासून शेवटापर्यंत, खोकल्यासकट. आणि जाग आल्यावरही दोन दिवस ते जिभेवर राही, जसा मध ओठांवर राहतो.

ग्रिझेलला वाचता येई, लिहिता येत नसे. म्हणून कोठीतल्या फडताळात प्रत्येक बरणीच्या गळ्याला तिनं लोकरीची दोरी बांधून ठेवली होती. निळी म्हणजे माशाच्या पोटातला योना. पिवळी म्हणजे उधळ्या मुलगा. राखी म्हणजे एलिया, ज्याला कावळे भाकरी आणून देतात. ते साहेबांचं सर्वांत गाजलेलं प्रवचन. आणि अगदी वरच्या फळीवर, मागं, भिंतीला टेकून, तांबड्या दोरीची एक बरणी होती.

ती बरणी वीस वर्षांत कुणी उघडली नव्हती.

त्या गावात घरातलं माणूस गेलं की सूर्य मावळायच्या आत माश्यांना सांगावं लागतं. घराची किल्ली घ्यायची, प्रत्येक टोपलीवर तीनदा ठोकायचं आणि सांगायचं. न सांगितलं तर माश्या घर सोडून जातात. खोटं सांगितलं तर त्याच आठवड्यात मरतात. युफेमियाबाई एका शब्बाथाच्या दिवशी, म्हणजे काम, खेळ, गाणं सगळं बंद असलेल्या रविवारी, गेल्या तेव्हा किल्ली घेऊन ग्रिझेलच गेली होती. बाईसाहेबांचा शेवट कसा झाला हे तिनं आधी साहेबांना सांगितलं आणि मग माश्यांना सांगितलं, आणि या दोन हकिकती एक नव्हत्या. माश्या जगायला हव्या होत्या, म्हणून खरी हकिकत त्यांच्या वाट्याला आली. त्या सालचा मध तिनं वेगळा काढला, तांबड्या दोरीनं बांधला आणि देवाला म्हणाली, "हे आपल्या दोघांत."

साहेबांनी तो मध चाखला असता, तर वीस वर्षं आपण एका खोटारड्या, शब्बाथ मोडणाऱ्या बाईच्या हातची लापशी खातोय हे त्यांना कळलं असतं. ग्रिझेलला नरकाची भीती होतीच. पण साहेब ताट सरकवून उठतील, ही भीती तिच्या पोटात त्याहून खोल बसली होती.

त्या वर्षी ऑगस्टात डोंगरांवर हेदरची झुडपं अशी फुलली की धुकंसुद्धा जांभळं दिसायचं. कपडे वाळत घातले की संध्याकाळी त्यांतून मधाचा वास यायचा. आणि त्या जांभळ्या धुक्यात टुलॉकसाहेब हळूहळू हरवत चालले होते.

आधी, जुलैच्या सुरुवातीला, ते शब्द विसरले. मग एका रविवारी ते प्रवचनाच्या मध्यावर थांबले आणि पाव तास खिडकीबाहेर बघत राहिले. मंडळींना वाटलं, केवढं खोल ध्यान! पुढच्या रविवारी त्यांनी मागचंच प्रवचन पुन्हा दिलं. तिसऱ्या रविवारी ते उपदेशपीठावरून वाकले आणि अत्यंत नम्रपणे म्हणाले, "ग्रिझेल, मी न्याहारी केली का गं?"

"केलीत, साहेब," ग्रिझेल खालून म्हणाली. "दोन अंडी."

"मग आपण प्रार्थना करू या," साहेब म्हणाले, आणि उपासना संपली.

कागदावर लिहून नेलं असतं तर प्रश्नच नव्हता. पण किलफॅरनमध्ये कागद बघून बोलणाऱ्या पाळकाला पाळक म्हणतच नसत. जे माणसाच्या स्वतःच्या ध्यानात राहत नाही ते आम्ही का ध्यानात ठेवावं, असा गावाचा सवाल होता. पहिल्या बाकावरची म्हातारी बेथाया तर कागदाचा कोपरा दिसला तरी उठून चालती व्हायची. आणि बायबल उपदेशपीठावर नेऊन ठेवायचा मान ज्याचा, तो चर्चचा सेवक एबनीझर पिरी, थडगी खणणारा, घंटा वाजवणारा, अंगानं वाळका आणि मानानं लठ्ठ, दर रविवारी दारातच बायबल उलटं धरून झटकायचा. काही पडतंय का बघायला.

त्या तिसऱ्या रविवारनंतर तो स्वयंपाकघराच्या दारात टेकून उभा राहिला.

"बाई, कानावर आलंय का? धर्मसभा त्या धर्मशास्त्रातल्या डॉक्टर मकलजॉनना धाडतेय. तीन आठवड्यांनी शब्बाथाला येऊन आपल्या म्हाताऱ्याचं प्रवचन ऐकणार आहेत."

"म्हातारा कुणाला म्हणतोस रे, एबनीझर? तू त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा."

"मी थडगी खणतो. त्याला डोकं लागत नाही."

"ते दिसतंच आहे. गेल्या महिन्यात खणलेलं आखूड पडलं होतं."

"माणूस लांब होता!" एबनीझर दुखावला. मग आवाज उतरवून म्हणाला, "चेष्टा नाही, बाई. साहेब पुन्हा अडखळले तर मार्टिनमासला नवा पाळक येतोय. तरुण आहे. बायको आहे, बायकोच्या दोन मोलकरणी आहेत. साहेबांना डंडी शहरात बहिणीकडे पोचवणार. तिसऱ्या मजल्यावर."

"तिसऱ्या मजल्यावर माश्या कुठं ठेवायच्या?" ग्रिझेल म्हणाली.

"माश्यांचं कोण बोलतंय? तुझं बोल."

मार्टिनमासला, नोव्हेंबरात, नोकरमाणसांची सहामाही संपते. मग नवी जागा हवी असलेली माणसं बाजारात रांगेनं उभी राहतात आणि शेतकरी येऊन त्यांचे दंड चाचपून बघतात. साठीच्या बाईचा दंड कोण चाचपणार? पण ग्रिझेलच्या डोळ्यांपुढं तो बाजार आला नाही. डंडीच्या तिसऱ्या मजल्यावर एक पांढऱ्या केसांचा माणूस खिडकीशी उभा राहून न्याहारी झाली का विचारतोय आणि उत्तर द्यायला कुणी नाही, एवढंच तिला दिसलं.

एबनीझर गेला आणि तिनं फडताळ उघडलं.

मधाचा प्रयोग तिनं दोन रविवार करून बघितला. निळ्या दोरीवर साहेब योनासारखे गर्जले. पिवळ्या दोरीवर बेथाया रडली. दोन्ही वेळा शनिवारी दुपारी साहेब खिडकीशी खुर्चीत झोपले, ग्रिझेल दाराशी विणकाम घेऊन बसली आणि झोपेत त्यांचे ओठ हलताना तिनं शब्दन् शब्द पडताळून घेतला. डॉक्टर मकलजॉनसाठी तिनं राखी दोरी राखून ठेवली होती. एलिया आणि कावळे. दगडालाही भूक लागेल असं प्रवचन.

एकच गोष्ट मधे कडमडली, ती म्हणजे क्रमी गाय. वाकड्या शिंगाची, लाडावलेली. तिनं त्याच आठवड्यात दूध चोरायला सुरुवात केली. गायगोठा बघणारी जोनेट चाळिशीची विधवा, कामाला वाघीण आणि भीतीला ससा. ती रिकामी कासंडी घेऊन आली.

"ग्रिझेलबाई, दृष्ट लागलीय तिला. माझं ऐका. शेपटीला तांबडी दोरी बांधली की उद्या बघा धारा."

"जोनेट, हे पाळकसाहेबांचं घर आहे."

"गायीला कुठं ठाऊक आहे?"

"पंचांना कळलं तर तुला चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभं करतील. असले अडाणी प्रकार या गोठ्यात चालायचे नाहीत. ओट वाढव तिचे."

"वाढवते," जोनेट म्हणाली. पण हे म्हणताना ती फडताळाकडे बघत होती. ग्रिझेलला तेव्हा ते खटकलं नाही.

शनिवार उजाडला. उन्हाला वजन आल्यासारखं वाटत होतं. माश्यांचा आवाज भिंतीतून घरात झिरपत होता आणि घड्याळाची टिकटिकसुद्धा पेंगुळली होती. ग्रिझेलनं उद्याचं सगळं आजच रांधून ठेवलं, कारण शब्बाथाला चूल पेटत नाही. थंड मटण, ओटची भाकरी, वाटाण्याचा घट्ट गोळा. साहेबांची दाढी करून झाली. मग ती फडताळाशी गेली. तिची नजर अलीकडे अधू झाली होती आणि कोठीत उजेड बेताचा. राखी दोरी हाताला लागली. तिनं बरणी काढली, भाकरीवर मध जाड लावला आणि साहेबांपुढं ठेवला.

"आज कुठला सण?" साहेबांनी विचारलं.

"सण नाही. खा."

साहेबांनी पहिला घास घेतला आणि थांबले. "हा चवीला निराळा आहे. कसला वास गं हा? कुणाच्या तरी केसांचा येतो तसा."

"हेदर आहे, साहेब. दुसरं काय असणार?"

तेवढ्यात फाटकाशी गाडीची घंटी वाजली. डॉक्टर मकलजॉन संध्याकाळी यायचे ते दुपारीच येऊन थडकले. गोल, गुलाबी, घामाघूम. पोटात कावळे ओरडत होते, म्हणून त्यांनी आल्या आल्या टेबलावरची बरणीच बघितली.

"आहाहा! पाळकघरचा मध! बाई, या म्हाताऱ्या प्रवाशाला चमचाभर मिळेल का?"

चमच्याचे चार चमचे झाले. मग साहेब अभ्यासिकेत खुर्चीत झोपले आणि डॉक्टर दिवाणखान्यात कोचावर. ग्रिझेलला साहेबांच्या दाराशी बसायचं होतं, पण डॉक्टरांची पेटी, डॉक्टरांचा बिछाना, डॉक्टरांच्या घोड्याचं पाणी... जाता येता तिनं एकदा दिवाणखान्यात डोकावलं. डॉक्टर घोरत होते आणि त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा मोज्यात वर-खाली, वर-खाली हलत होता.

"संधिवात," ग्रिझेल मनाशी म्हणाली आणि घोड्याकडे गेली.

शब्बाथाला घंटा वाजली. घराचे पडदे रिवाजाप्रमाणे ओढलेले. माणसं काळे कपडे घालून पायवाटांवरून आली, जशी डोंगरावरून मेंढरं उतरतात तशी, न बोलता. ग्रिझेल पाळकघरच्या बाकावर बसली, उपदेशपीठाच्या बरोबर खाली. डॉक्टर तिच्या शेजारी, गुडघ्यावर वही. एबनीझरनं बायबल झटकलं, काही पडलं नाही, ते वर नेऊन ठेवलं, साहेबांना आत घेतलं आणि पीठाचं छोटं दार लावून खाली आला.

स्तोत्र झालं. साहेब उभे राहिले. त्यांनी बायबल उघडलं नाही. उलट त्याच्यावर हात ठेवला, जसा झोपलेल्या माणसावर ठेवतात.

"पडदे ओढलेले होते," साहेब म्हणाले.

ग्रिझेलच्या हातातलं स्तोत्रांचं पुस्तक खाली पडलं. एलियाच्या गोष्टीत पडदे नव्हते.

"एका घरात एक बाई मरायला टेकली होती," साहेब सांगू लागले. त्यांचा आवाज तरुण झाला होता. "तीन दिवस ती बोलली नव्हती. शब्बाथ होता. सगळा गाव चर्चमध्ये. तिच्याजवळ एक मोलकरीण तेवढी होती. अचानक त्या बाईनं डोळे उघडले आणि म्हणाली, माझे हिरवे जोडे काढ."

म्हातारी बेथाया पुढं वाकली. एबनीझरनं तोंड उघडलं ते तसंच राहिलं.

"हिरवे जोडे नाचाचे होते. लग्नाआधी, भावाच्या लग्नात, ती त्या जोड्यांनी पहाटेपर्यंत नाचली होती. मग तिनं एका गंभीर माणसाशी लग्न केलं आणि जोडे पेटीत ठेवले. मोलकरणीनं ते काढले, तिच्या पायांत घातले. आता शीळ घाल, ती म्हणाली. शब्बाथाला, बाईसाहेब? मोलकरीण म्हणाली. मग पडदे आणखी घट्ट ओढ, ती म्हणाली."

ग्रिझेलला वाटलं आपण पाण्याच्या तळाशी बसलोय. वरून कुणीतरी बोलतंय आणि शब्द बुडबुड्यांसारखे उलटे, खाली येतायत. साहेब एकही शब्द सोडत नव्हते. तिनं माश्यांना जसं सांगितलं होतं तसं, तिच्याच हुंदक्यांच्या जागी थांबत थांबत, ते सांगत होते: मोलकरणीनं नाचाची चाल शिळेवर कशी धरली, गोधडीखाली ते दोन जोडे कसे हलायला लागले, टाच, चवडा, टाच, चवडा, बाई कशी हसली, मोठ्यानं, पोरीसारखी, आणि हसता हसता जोडे थांबले तरी मोलकरणीनं चाल अर्ध्यावर टाकली नाही, शेवटपर्यंत नेली, कारण अर्धी चाल ऐकून माणसानं कुठं जायचं?

"मग घरधनी चर्चमधून परत आला," साहेब म्हणाले. "मोलकरणीनं त्याला सांगितलं, की बाईसाहेब तेविसावं स्तोत्र, परमेश्वर माझा मेंढपाळ, म्हणत गेल्या."

इथं साहेब थांबले. खिडकीबाहेर बघू लागले. चर्चमध्ये इतकी शांतता पसरली की एका माशीचा आवाज या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेलेला ऐकू आला. ग्रिझेलला मधाचा अंदाज होता. माश्यांना तिनं सांगितलेलं इथं संपत होतं. यापुढचं बरणीत नव्हतं. आता ते न्याहारीचं विचारतील, तिला वाटलं. आणि नवल म्हणजे तिनं मनात उत्तर तयार ठेवलं: केलीत, साहेब. दोन अंडी.

"तो घरधनी," साहेब सावकाश म्हणाले, "त्या वेळी दीड तास देवाविषयी बोलत होता. देव आपल्यापुढं बसून ऐकतोय अशी त्याची समजूत होती. पण मला आता वाटतं, देव त्या दिवशी चर्चमध्ये नव्हता. तो त्या खोलीत होता. पडदे ओढलेल्या खोलीत. कोपऱ्यात बसून पायानं ठेका धरून होता."

आणि पस्तीस वर्षांत पहिल्यांदा "आमेन" न म्हणता ते खाली बसले.

मग ग्रिझेलच्या शेजारून आवाज आला. डॉक्टर मकलजॉन रुमालात नाक शिंकरत होते. वहीचं पान कोरं होतं.

बाहेर थडग्यांमधल्या वाटेवर मंडळी घोटाळली. एबनीझर म्हणाला, "प्रवचन बरं होतं म्हणा. पण ती शीळ कुठल्या अध्यायातली?"

"अहो, दृष्टांत तो!" डॉक्टर कडाडले. "दृष्टांताला अध्याय लागतो? हिरवे जोडे म्हणजे तारणाची आशा. गोधडी म्हणजे हा देह. मोलकरीण म्हणजे आपला विवेक. इतकं खोल प्रवचन मी आयुष्यात ऐकलं नाही. आणि गंमत म्हणजे मला सतत वाटत होतं की हे सगळं मला कालच सुचलंय! या माणसाला श्वास आहे तोवर इथून हलवायची कुणाची छाती आहे, बघतो मी."

"मीही तेच म्हणत होतो," एबनीझर म्हणाला. "विवेकच तो."

बेथाया काठी टेकत जवळ आली आणि ग्रिझेलच्या कानाशी म्हणाली, "विवेकाला शीळ छान येते हो. मीही त्या दिवशी चर्चला गेले नव्हते. ताप चढला म्हणून अर्ध्या वाटेतून परतले. तुमच्या घरावरूनच गेले."

साहेब राहणार होते, माश्या राहणार होत्या. गावाला दृष्टांत वाटला. साहेबांना काय वाटलं हे मात्र ग्रिझेलला ठाऊक नव्हतं. युफेमियाबाईंचे हिरवे जोडे वीस वर्षांपूर्वी साहेबांनी पेटीत हुडकले होते, माळ्यावर हुडकले होते. मिळाले नाहीत. मिळणार कुठून? ग्रिझेलनं ते बाईसाहेबांच्या पायांतून काढलेच नव्हते.

कुरणातून घरी येताना तिला क्रमी दिसली. गोमाश्या हाकलायला गायीनं शेपटी उडवली आणि उन्हात काहीतरी तांबडं चमकलं.

"जोनेट!"

जोनेट गोठ्यातून आली ती रडतच. "फक्त दोरी घेतली हो, बरणीला हात नाही लावला! म्हणजे दोरी सोडायला लावला. उघडी कशी ठेवायची, म्हणून मोज्याची राखी लोकर बांधली. आणि घाईत बरणी वर ठेवायची राहिली, खालच्या फळीवरच... मला माफ करा, ग्रिझेलबाई. पंचांना सांगू नका."

ग्रिझेलनं शेपटी हातात धरून गाठ चाचपली.

"दूध दिलं का तिनं?"

"कासंडी भरून सांडलं."

"मग राहू दे ती दोरी," ग्रिझेल म्हणाली आणि घरात गेली.

घरात सगळे पडदे ओढलेले होते. त्यांतून गाळून आलेला उजेड मधाच्या रंगाचा होता. दिवाणखान्यात डॉक्टर थंड मटण आणि पुन्हा चार चमचे मध खाऊन कोचावर आडवे झाले होते. साहेब अभ्यासिकेत खुर्चीत होते, जागे. ग्रिझेलनं त्यांचं ताट आणून ठेवलं आणि हात एप्रनखाली घेऊन उभी राहिली. साहेबांनी ताटाकडे बघितलं. मग बोटानं ते बाजूला सरकवलं.

झालं, ग्रिझेलच्या मनात आलं.

"ग्रिझेल, त्या हिरव्या जोड्यांतल्या डाव्याची नाडी तुटकी होती. तू काय केलंस?"

"माझ्या टोपीची नाडी लावली, साहेब."

साहेबांनी मान हलवली. "वीस वर्षं मी त्या स्तोत्राचा विचार करत होतो. तेविसावं तिला कधीच आवडत नव्हतं. माझ्यासाठी म्हणाली असेल, असं मी स्वतःला सांगायचो. त्याचं मला फार वाईट वाटायचं. शेवटच्या क्षणी तरी माणसानं दुसऱ्यासाठी काही करू नये." ते पुढं झुकले. "ती हसली होती ना गं? खरंच?"

"पोरीसारखी, साहेब. मला वाटलं रस्त्यावर ऐकू जाईल."

"कुठली चाल होती?"

"उद्या ऐकवते. आज शब्बाथ आहे, साहेब."

साहेब तिच्याकडे बघून हसले. त्यांच्या डोळ्यांच्या कडांशी ते जांभळं धुकं पुन्हा जमायला लागलं होतं. तिला ते दिसलं, आणि त्यांनाही ते येताना दिसत असावं.

"उद्या मी विचारायचं विसरेन," ते म्हणाले.

ग्रिझेलनं दार लावलं. पडदे आधीच ओढलेले होते, तरी तिनं ते नीट एकमेकांवर सारले. टोपीची नाडी सोडली. समोरचे दोन दात नसल्यामुळं पहिल्यांदा नुसतीच हवा आली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा शीळ लागली, चिरकी, जराशी तिरकी, पण ठेक्यात. साहेबांनी डोळे मिटले. त्यांचे जाड काळे जोडे गालिच्यावर हलले. टाच, चवडा. पलीकडच्या खोलीत कोच करकरू लागला. डॉक्टरांचे दोन्ही पाय झोपेत त्याच ठेक्यावर चालले होते. आणि खिडकीबाहेर भर ऑगस्टाच्या उन्हात सगळ्या टोपल्यांतल्या माश्या एकाएकी गप्प झाल्या.

चाल संपल्यावर साहेबांनी ताट पुढं ओढलं आणि जेवायला सुरुवात केली.

पुढच्या शब्बाथाला, खऱ्या राखी दोरीवर चांगलं प्रवचन देऊन घरी आल्यावर, ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "ग्रिझेल, का कोण जाणे, मला सारखं वाटतंय की युफेमियाला एक नाचाची चाल आवडायची. तुला आठवते का?"

"आठवते, साहेब," ग्रिझेल म्हणाली आणि पडद्यांकडे गेली.